उरलेले अन्न आणि ओला कचरा: कार्यालय एक, वाटा दोन

प्रश्न असा आहे. एका शहराच्या प्रशासनाला उपाहारगृहे, किराणा दालने आणि संस्थांची स्वयंपाकघरे यांच्याकडे उरलेले खाण्याजोगे अन्न गोळा करून गरजूंपर्यंत पोहोचवायचे आहे, आणि त्याच वर्षी वस्त्यांमध्ये सामुदायिक कंपोस्ट केंद्रेही उभी करायची आहेत. दोन्ही कामे एकाच गाडीने आणि त्याच माणसांकडून करून घेता येतील का, आणि वर्षअखेरीस योजना चालली की नाही हे कशावरून ठरवावे?

माझे उत्तर आधी देतो आणि मग कारणांकडे वळतो. कार्यालय एकच असावे, गाडी आणि माणसे वेगळी असावीत, आणि गोळा केलेल्या किलोंना यशाचे माप कधीही मानू नये. ही दोन्ही कामे मी बरीच वर्षे केली आहेत, सुरुवातीला अगदी आपण विचारता तशी एकत्रही करून पाहिली आहेत. एकत्र केल्यावर जे होते ते असे, की खाण्याच्या अन्नाची निगा हळूहळू कचऱ्याच्या पातळीला येते. उलट कधी होत नाही.

वेगळेपणाचे पहिले कारण घड्याळ हे आहे. शिजवलेले अन्न साधारण ५ ते ६० अंश सेल्सियस या पट्ट्यात राहिले, की त्यातले जिवाणू झपाट्याने वाढतात. गरम अन्न थंड करायचे असेल, तर ते पहिल्या दोन तासांत २१ अंशांच्या खाली आणि एकूण सहा तासांत ५ अंशांपर्यंत उतरले पाहिजे, असा व्यावसायिक स्वयंपाकघरांचा सर्वमान्य नियम आहे. पुष्कळ स्वयंसेवकांना वाटते, की शंका आली तर पुन्हा उकळी आणली म्हणजे झाले. भातासारख्या पिष्टमय पदार्थांत बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवण्यातूनही वाचतात, अन्न कोमट राहिले की रुजतात, आणि त्यांनी तयार केलेले एक विष पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होत नाही. स्टॅफिलोकॉकस या जिवाणूच्या विषाचेही तेच. म्हणजे ज्या क्षणी अन्न पातेल्यातून काढले, त्या क्षणापासून एक मुदत धावू लागते, आणि गाडीचा मार्ग, कर्मचाऱ्यांची पाळी, वाटपाची वेळ हे सारे त्या मुदतीत बसवावे लागते. ओल्या कचऱ्याला असे घड्याळ नसते; त्याची गाडी दुपारी आली काय आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आली काय, फरक फक्त वासाचा पडतो. दोन्ही एकाच गाडीत घातले, की मार्ग ठरवताना जास्त वजनाच्या मालाचे ऐकले जाते, आणि जास्त वजन नेहमी कचऱ्याचे असते. स्वच्छतेचा मुद्दा तर उघडच आहे, त्यावर शब्द खर्च करत नाही.

या कामात सर्वांत अवघड कौशल्य कोणते असे मला विचारले, तर मी नकार देणे असे सांगेन. एक प्रसंग सांगतो. संध्याकाळची वेळ होती, एका मोठ्या स्वयंपाकघरातून चार खोल ट्रे आले होते. वरून वाफ दिसत होती, म्हणून चालकाने ते गरम म्हणून लिहून घेतले होते. मी तापमापकाची सळई एका ट्रेच्या मध्यभागी खुपसली तर आकडा ३८ वर थांबला. कडेला तो त्याहून खाली होता. ट्रे कधी भरले होते हे कोणालाच सांगता येईना. आम्ही चारही ट्रे नाकारले. चालक नाराज झाला आणि दाता त्याहून अधिक. एवढे अन्न फेकायचे का, हा प्रश्न त्या रात्री मला तीन वेळा ऐकावा लागला. दुसऱ्या दिवशी आम्ही त्या स्वयंपाकघरात उथळ ट्रे पोहोचवले, थर चार बोटांपेक्षा जाड नको असे सांगितले आणि झाकणावर वेळ लिहिण्यासाठी चिकटपट्टी व पेन ठेवले. त्यानंतर त्यांच्याकडून आलेले अन्न क्वचितच नाकारावे लागले. नकाराची नोंद कारणासह ठेवली, तर तीच पुढे दात्याला शिकवते. चालकाला नकाराचा अधिकार लेखी द्यावा आणि त्यासाठी त्याला कोणीही जाब विचारू नये, एवढी एक गोष्ट प्रशासनाने केली तरी निम्मे धोके टळतात.

दात्यांना कायद्याची भीती असते, आणि ती बहुतेक वेळा वास्तवापेक्षा मोठी असते. अमेरिकेत १९९६ च्या बिल एमर्सन कायद्याने सद्भावनेने अन्न देणाऱ्याला आणि वाटणाऱ्या सेवाभावी संस्थेला घोर निष्काळजीपणा वगळता दायित्वातून संरक्षण दिले. फ्रान्सने २०१६ मध्ये दुसरी वाट धरली: ४०० चौरस मीटरांहून मोठ्या सुपरमार्केटांना विकले न गेलेले अन्न सेवाभावी संस्थांना देण्याचा करार करणे बंधनकारक केले आणि खाण्याजोगे अन्न मुद्दाम नासवण्यास मनाई केली. इटलीने त्याच वर्षी सक्तीऐवजी सवलती आणि सोप्या कागदपत्रांवर भर दिला. कॅलिफोर्नियाचा २०१६ चा कायदा मात्र आपल्या प्रश्नाच्या सर्वांत जवळचा आहे, कारण त्यात दोन्ही अंगे एकत्र गुंफली आहेत. जमिनीत पुरल्या जाणाऱ्या सेंद्रिय कचऱ्यात २०२५ पर्यंत ७५ टक्के घट आणि फेकल्या जाणाऱ्या खाण्याजोग्या अन्नापैकी २० टक्के माणसांपर्यंत पोहोचवणे, अशी दोन उद्दिष्टे त्यात आहेत. तिथे सुपरमार्केट आणि घाऊक वितरकांना २०२२ पासून, तर मोठी उपाहारगृहे, हॉटेले आणि रुग्णालयांना २०२४ पासून खाण्याजोगे उरलेले अन्न देण्याची जबाबदारी लागू झाली. हा क्रम मला शहाणपणाचा वाटतो. दालनांतले अन्न वेष्टनात असते, त्यावर तारीख असते, बराच माल थंड साखळीतला, म्हणजे वाटेत सतत थंड ठेवून आणलेला असतो. शिजवलेल्या अन्नापेक्षा ते हाताळणे कितीतरी सोपे. नव्या शहरानेही पहिले सहा महिने केवळ वेष्टनातल्या आणि न शिजवलेल्या मालावर काढावेत, असा माझा आग्रह असतो, जरी उद्घाटनाच्या छायाचित्रात गरम जेवण अधिक शोभून दिसते.

तारखांविषयी एक गोष्ट प्रत्येक कर्मचाऱ्याला पाठ हवी. ‘अमुक तारखेपूर्वी सर्वोत्तम’ ही चवीची आणि दर्जाची हमी असते, ती उलटल्यावरही कोरडा माल बहुधा खाण्यास योग्य राहतो. ‘अमुक तारखेपर्यंत वापरा’ ही सुरक्षिततेची सीमा असते आणि ती ओलांडलेले अन्न वाटायचे नसते. स्थानिक नियम पहिल्या प्रकारच्या मालाचे वाटप करू देतात की नाही, हे आधी विधी विभागाकडून लेखी घ्यावे.

आता वाटपाच्या बाजूकडे येतो, जिथे योजना आखणाऱ्यांचे लक्ष सर्वांत कमी असते. अन्न कुठे उरते याचे नकाशे सगळे काढतात, ते कोण कधी खाणार याचा नकाशा फार थोडे जण काढतात. दात्यांकडून जे येते त्यात पाव, केक आणि गोड पदार्थ यांचा वाटा फार मोठा असतो, कारण ते रोज ताजे दिसावेत म्हणून मुद्दाम जास्त बनवले जातात. घेणाऱ्या संस्थांना हवी असतात फळे, भाज्या, दूध, अंडी, डाळी. ही तफावत न सांभाळता केवळ वजन वाढवत गेले, की संस्था संकोचाने माल घेतात आणि मागच्या दाराने कचऱ्यात टाकतात. तेव्हा दाता खूश असतो, प्रशासनाचा अहवाल भरगच्च दिसतो, आणि विल्हेवाटीचा खर्च मात्र सर्वांत गरीब संस्थेच्या माथी बसतो. मी एका संस्थेच्या मागच्या अंगणात आमचेच खोके, चिकटपट्टी न उघडलेले, कचरापेटीत पडलेले पाहिले आहेत. त्या दिवसापासून आम्ही प्रत्येक संस्थेकडून आठवड्याची मागणी घ्यायला लागलो आणि मागणीबाहेरचा माल विचारल्याशिवाय देणे बंद केले. मिलानने २०१९ मध्ये आयसोला भागात पहिले अन्नकेंद्र सुरू केले तेव्हा केंद्र वस्तीच्या पातळीवर ठेवले, महापालिकेने जागा दिली, विद्यापीठ आणि सेवाभावी संस्थांना बरोबर घेतले. या कामासाठी त्या शहराला २०२१ मध्ये अर्थशॉट हा पर्यावरणविषयक पुरस्कार मिळाला. माझ्या दृष्टीने त्यातली घेण्यासारखी गोष्ट अंतराची आहे: दाता, केंद्र आणि खाणारा एकमेकांच्या इतके जवळ असले, की ताजा माल थंड जागी पडून न राहता त्याच दिवशी निघतो.

इथे थोडे थांबून प्रमाणाचा विचार करावा. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगभरात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले, त्यातले ६० टक्के घरांतून, २८ टक्के खाद्यसेवेतून आणि १२ टक्के किरकोळ विक्रीतून. या आकड्यांत साली, हाडे, देठ असे न खाण्याचे भागही धरले आहेत. म्हणजे अन्न गोळा करून वाटण्याचे काम फार तर त्या ४० टक्क्यांच्या एका तुकड्याला हात घालते. घराघरांतला मोठा हिस्सा आणि साली-देठांचा सगळाच भाग त्याच्या आवाक्याबाहेर राहतो. कंपोस्ट लागते ते इथे. त्यामुळे दोन्ही योजना एकमेकींच्या स्पर्धक नाहीत. पण त्यांच्यामध्ये एक भेटीची जागा हवी, आणि ती म्हणजे निवडीचे टेबल.

निवडीचे टेबल अन्नकेंद्राच्या मालवाहू दाराशी असते. आलेला माल तिथे उघडला जातो आणि चार दिशांना जातो: आज वाटायचे, शीतगृहात ठेवायचे, नियमांत बसत असेल तर जनावरांच्या खाद्यासाठी, आणि कंपोस्टसाठी. टेबलावरून कंपोस्टकडे जाणारा माल बंद झाकणाच्या पिंपात, वेष्टन पूर्ण काढून जातो, आणि त्याचे वजन दात्याच्या नावासमोर लिहिले जाते. या शेवटच्या कृतीवर मी सर्वाधिक भर देतो. महिन्याअखेरीस दात्यासमोर ठेवायचा कागद हाच असतो: आपण इतके दिले, त्यातले इतके खाल्ले गेले, इतके पिंपात गेले, आणि गुरुवारी दर वेळी पाव चाळीस किलोंनी जास्त असतो. हा कागद पाहून दाता गुरुवारची भट्टी कमी करतो. आमचे गोळा होणारे वजन त्यामुळे घटते, आणि तसे ते घटणे हीच या योजनेची खरी कमाई असते. ज्या योजनेला वजन वाढल्यावरच निधी मिळतो, तिला हा कागद छापण्याची इच्छाच राहत नाही.

कंपोस्टबद्दल सगळे ओल्या कचऱ्याचे विचारतात. मी उलट कोरड्याचे, म्हणजे पालापाचोळा आणि लाकडाच्या तुकड्यांचे विचारतो. केंद्र बंद पडते ते कोरडा माल संपल्यामुळे. सूक्ष्मजीवांना कर्ब आणि नत्र साधारण २५ ते ३० ला एक या प्रमाणात लागतात. खरकटे आणि भाजीपाल्याचे अवशेष यांत हे प्रमाण पंधराच्या आसपास असते, वाळलेल्या पानांत पन्नास-साठच्या घरात, आणि लाकडाच्या भुशात काही शे. व्यवहारात याचा अर्थ एवढाच, की एक बादली ओल्या मालाला दोन ते तीन बादल्या पालापाचोळा किंवा लाकडाचे तुकडे लागतात. आता हिशेब करून पाहा. शंभर कुटुंबांनी आठवड्याला प्रत्येकी दोन किलो ओला कचरा आणला तर दोनशे किलो झाले, म्हणजे अंदाजे चारशे लिटर. त्याला आठशे ते बाराशे लिटर कोरडा माल हवा, दर आठवड्याला, वर्षभर. झाडांची पानगळ मात्र बहुतेक ठिकाणी वर्षातून एकदाच होते. म्हणजे केंद्राच्या आराखड्यात ढिगांच्या जागेपेक्षा पाचोळा साठवण्याची कोरडी, छपराखालची जागा मोठी असते, आणि उद्यान विभागाशी फांद्या-पानांचा करार झाल्याशिवाय केंद्राचे दार उघडूच नये. हा करार कंपोस्टच्या यंत्रापेक्षा महत्त्वाचा आहे. यंत्रे विकणारे लोक येतील आणि चोवीस तासांत खत देतो म्हणतील. त्या पेटीतून निघते ते वाळवलेले, दळलेले अन्न, जे ओले झाले की पुन्हा कुजू लागते.

ढीग नीट चालला आहे की नाही, हे कळायला प्रयोगशाळा लागत नाही. आतला मूठभर माल घेऊन घट्ट दाबावा: बोटांच्या फटींतून एक-दोन थेंबच यावेत आणि मूठ उघडल्यावर गोळा टिकावा. पाण्याची धार लागली तर ओल जास्त, गोळा लगेच विस्कटला तर कमी. नाकाला झोंबणारा अमोनियाचा वास आला तर नत्र जास्त आहे. सडक्या अंड्यांसारखा वास आला तर हवा पोहोचत नाही. दोन्हींवर पहिला उपाय तोच, कोरडा भरड माल घालून ढीग पलटणे. ढीग किमान एक घनमीटर असावा, नाहीतर उष्णता टिकत नाही. रोगजंतू आणि तणांचे बी मारायचे तर बंद किंवा हवा खेळवलेल्या पद्धतीत ५५ अंशांहून अधिक तापमान सलग तीन दिवस, आणि उघड्या लांबट ढिगात पंधरा दिवस किमान पाच वेळा पलटून टिकवावे लागते. तापमानाची वही केंद्रावर दोरीने बांधून ठेवावी, कारण सुटी वही हमखास हरवते.

शेजाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा उंदरांची आणि वासाची असते, आणि ती खरी असते. आमच्या एका केंद्रावर पहिल्या पावसाळ्यातच आम्ही मार खाल्ला: छप्पर अर्धवट होते, पाचोळा भिजला, ढिगाखालून काळे पाणी शेजारच्या वाटेवर आले. क्षमा मागून आम्ही तीन आठवडे ओला माल घेणे बंद ठेवले. तेव्हापासून नियम केला, की ओला माल आला त्याच दिवशी मिसळायचा आणि वर हातभर कोरड्याचा थर द्यायचा. मांस, हाडे आणि तेलकट खरकटे वस्तीच्या केंद्रावर घ्यायचेच नाही, ते मोठ्या प्रकल्पाकडे पाठवायचे.

मोठ्या प्रकल्पाचा विषय निघाला म्हणून सांगतो: सामुदायिक कंपोस्ट सगळ्या शहराचा ओला कचरा पेलू शकत नाही आणि तशी अपेक्षाही ठेवू नये. सॅन फ्रान्सिस्कोने २००९ मध्ये ओला कचरा वेगळा देणे सर्वांना सक्तीचे केले. मिलानने २०१२ ते २०१४ या काळात टप्प्याटप्प्याने सगळे शहर दारोदार संकलनात आणले. दक्षिण कोरियाने २००५ मध्ये अन्नकचरा थेट जमिनीत पुरण्यास बंदी केली आणि २०१३ पासून जितका कचरा तितके शुल्क ही पद्धत देशभर लागू केली. ही सगळी कामे मोठ्या प्रकल्पांच्या जोरावर झाली. मग छोटी केंद्रे कशासाठी? न्यूयॉर्कमध्ये हा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहिला: शहराने २०२३ च्या अखेरीस १९९३ पासून चालत आलेल्या सामुदायिक कंपोस्ट कार्यक्रमाचा निधी काढला, मोठा विरोध झाला, आणि २०२४ च्या मध्यात मंजूर झालेल्या अर्थसंकल्पात तो परत मिळाला. माझे मत असे, की छोट्या केंद्राचे पहिले उत्पादन खत नसते, वेगळे करण्याची सवय असते. ज्या बाईंनी आपल्या हाताने पिंपातून प्लास्टिकची पिशवी उपसून काढली आहे, त्यांच्या घरच्या ओल्या डब्यात पुन्हा पिशवी येत नाही, आणि त्या शेजाऱ्यांच्याही येऊ देत नाहीत. मोठ्या प्रकल्पाच्या खताचा दर्जा शेवटी याच गोष्टीवर ठरतो. म्हणून छोट्या केंद्रांचा खर्च प्रक्रियेच्या शीर्षाखाली न दाखवता लोकशिक्षणाखाली दाखवावा. टनामागे खर्चाच्या तुलनेत ती नेहमी हरतील.

खताविषयी एक सावधगिरी. शेतातला पेंढा किंवा फवारलेल्या हिरवळीचे गवत घेतले, तर क्लोपिरॅलिड किंवा अमिनोपिरॅलिडसारखी तणनाशके कंपोस्ट होऊनही टिकतात आणि टोमॅटो, शेंगवर्गीय रोपे वाकडी करतात. खरकट्याच्या खतात मीठही साठते. दर खेपेच्या खतात निम्मी माती मिसळून घेवड्याचे काही दाणे पेरावेत, बाजूला नुसत्या मातीत तेवढेच. दोन-तीन आठवड्यांत नवी पाने कपासारखी मुरडलेली दिसली तर ती खेप भाजीच्या वाफ्यांना देऊ नये.

वर्षअखेरीच्या मोजमापासाठी मी चार नोंदी पुरेशा मानतो. खाल्ले गेलेले अन्न, म्हणजे संस्थेने परत कळवलेले, आपण पोहोचवलेले नव्हे. नाकारलेले अन्न, कारणासह. टेबलावरून कंपोस्टकडे गेलेला वाटा, दात्यागणिक. आणि कंपोस्ट केंद्रावर दर शंभर किलो मालात सापडलेले प्लास्टिक, काच व धातू. यातली पहिली नोंद मिळवणे जिकिरीचे असते, कारण संस्थांना खरे सांगण्याची भीती वाटते. म्हणून परत आलेल्या किंवा फेकलेल्या मालाबद्दल पुढचा पुरवठा कमी होणार नाही, हे करारात लिहून द्यावे लागते. हरितगृह वायूंची बचत वगैरे आकडे अहवालात यायला हरकत नाही, पण ते गृहीतकांवर उभे असतात. निर्णय त्यांच्यावर घेऊ नये.

राहिला आपल्या गाडीचा प्रश्न. पहिल्या महिन्यात कुठलीच गाडी घेऊ नये. तीन स्वयंपाकघरे, एक किराणा दालन आणि दोन संस्था निवडून, वजनकाटा, तापमापक आणि वही घेऊन एका माणसाला चार आठवडे तिथे उभे करावे. काय उरते, किती वाजता उरते, किती अंशांवर असते आणि समोरची संस्था दार किती वाजेपर्यंत उघडे ठेवते, हे लिहून आणावे. गाडी केवढी हवी, शीतपेटीची हवी की साधी चालेल, आणि ती दिवसातून एकदा निघावी की दोनदा, हे त्या वहीतूनच ठरेल. माझ्या अनुभवात ती मागवायला निघालेल्या गाडीपेक्षा लहान निघते.